एक लॉकभर पाणी

इंग्लंडमधला कालवा वाहत नाही. अप्पांना हे पहिल्याच संध्याकाळी खटकलं. बॅनबरीत बोट ताब्यात घेऊन आम्ही सामान लावत होतो, आई चहाचं आधण ठेवत होती, आणि अप्पा काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. गवताची काडी टाकून बघितली. ती जागची हलेना. दुसरी टाकली, तीही तिथेच. पाटबंधारे खात्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, निम्मी फलटण भागात नीरा उजव्या कालव्यावर, त्यांच्या लेखी कालवा म्हटला की उतार आलाच. मैलामागे जेमतेम काही इंचांचा, डोळ्यांना न दिसणारा, पण पाण्याला बरोबर कळणारा. "अगं, याला उतारच दिलेला नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं नवं काम समोर आल्यावर असायचा, तो हुरूप होता.

ही सहल मी ठरवली ती आई-अप्पांना दगदग नको म्हणून. लंडनमधले जिने, रांगा, गाड्या बदलणं त्यांना आता झेपत नाही. नॅरोबोट म्हणजे साठेक फूट लांब आणि सात फुटांहूनही किंचित अरुंद असं तरंगतं घर. आत पलंग, न्हाणी, गॅसची शेगडी, लाकडाच्या फळ्यांनी मढवलेल्या भिंती. मागे उभं राहून एक लांब दांडा धरायचा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, तेही सावकाश, मधल्या कण्यावर फिरावी तशी. चालवायला परवाना लागत नाही. वेगाची कमाल मर्यादा ताशी ४ मैल, आणि खरं तर तेवढाही वेग गाठायचा नसतो. मागे उठणारी लाट काठावर फुटू लागली की समजायचं, आपण जास्त जोरात चाललो आहोत. काठ मातीचा आहे, तो खचतो. काठाला बांधलेल्या बोटींपाशी तर त्याहून हळू जायचं, कारण त्यात माणसं राहतात, त्यांची भांडी हिंदकळतात.

ऑक्सफर्ड कालवा मी मुद्दाम निवडला. कोव्हेंट्रीकडचा कोळसा दक्षिणेला नेण्यासाठी १७६९ मध्ये पार्लमेंटने त्याला मंजुरी दिली, आणि काम सोपवलं जेम्स ब्रिंडलीकडे. हा माणूस मुळात पाणचक्क्या दुरुस्त करणारा कारागीर. लिहिण्या-वाचण्यात कच्चा, पण जमिनीची पातळी नजरेनेच ओळखणारा. टेकडी फोडायची नाही, दरी भरायची नाही. एकाच उंचीची रेषा धरून डोंगराच्या कडेकडेने जायचं, ही त्याची रीत. १७७२ मध्ये तो गेला, सॅम्युअल सिमकॉकने काम पुढे नेलं, १७७८ मध्ये बोटी बॅनबरीला लागल्या आणि ऑक्सफर्डला पोचायला १७९० उजाडलं. पुढे रेल्वे येणार अशी चाहूल लागली तेव्हा कंपनीने कालव्याचा उत्तरेकडचा भाग १८३४ पर्यंत सरळ करून घेतला, जवळजवळ १४ मैल वाचवले. दक्षिणेकडचा भाग मात्र ब्रिंडलीने आखला तसाच वेडावाकडा राहिला. आम्ही चाललो होतो त्या वाकड्या भागातून.

बॅनबरी सोडून उत्तरेला निघालं की जमीन चढू लागते, आणि न वाहणाऱ्या पाण्याला चढ चढायचा तर पायऱ्या हव्यात. त्या पायऱ्या म्हणजे लॉक. विटांनी किंवा दगडाने बांधलेली चिंचोळी पेटी, आत फक्त एक नॅरोबोट मावेल इतकी. ७२ फूट लांब, ७ फूट रुंद. बोटीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा. दोन्ही टोकांना ओकचे जाड दरवाजे, आणि प्रत्येक दरवाज्याला बाहेर आलेली लांबलचक तुळई. वर जायचं असेल तर रिकाम्या पेटीत बोट घालायची, मागचे दरवाजे लावायचे, आणि वरच्या बाजूची पाण्याखालची झडप उघडायची.

झडप उघडतात ती विंडलस नावाच्या लोखंडी हँडलने. काटकोनात वाकवलेलं, एका टोकाला चौकोनी खाच. ती खाच दातेरी चक्राच्या खुंट्यावर बसवायची आणि फिरवायचं. खडखडखड करत दातेरी पट्टी वर चढते आणि खाली पाण्यात कुठेतरी गडगड सुरू होते. अप्पांनी पहिल्या लॉकला विंडलस माझ्या हातातून घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. निम्मी झडप उघडून थांबायचे, बोटीकडे बघायचे, ती स्थिर झाली की उरलेली उघडायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. गेट एकदम उघडलं की पाणी उसळतं, हे त्यांच्या हातांत मुरलेलं आहे.

बोट वर येते ती न कळत. आधी भोवती फक्त ओल्या, शेवाळलेल्या भिंती आणि विटांच्या फटींतून फुटलेले नेचे. मग टोपाथची, म्हणजे काठाने जाणाऱ्या जुन्या घोडवाटेची कड दिसते. मग कोणाचे तरी बूट. मग कुंपणापलीकडच्या मेंढ्या. आत-बाहेरची पातळी सारखी झाल्याशिवाय दरवाजा दहा माणसांनाही हलायचा नाही, आणि सारखी झाली की आईनेही पाठ टेकवून ढकलला तरी सरकतो. अप्पा दर वेळी त्या क्षणाची वाट बघायचे. तुळईला पाठ लावून उभे राहायचे, आणि लाकूड हळूच कुरकुरलं की, "झाली बघ बरोबरी."

क्रॉप्रेडीच्या पुढे अप्पांनी वही काढली. ७२ गुणिले ७, आणि पाणी चढतं सहा-सात फूट. त्यांनी हिशोब मांडला आणि मला दाखवला: दर खेपेला लाखभर लिटर पाणी, थोडं कमी-जास्त. एक बोट वर चढली की वरचं एक लॉकभर पाणी खाली जातं. माथ्यावरून ओलांडून पलीकडे उतरली की आणखी एक. आपणहून परत कधीच वर येत नाही ते. म्हणजे कालवा वाहत नाही हे खरं, पण चालतो तो माथ्यावरच्या साठ्यातून असं थोडंथोडं पाणी खर्च करतच. "मग वर तलाव असणार," ते म्हणाले, आणि नकाशात शोधू लागले. होतेच. बॉडिंग्टन, क्लॅटरकोट, वर्मलेटन. तिन्ही या कालव्याला पाणी पुरवायलाच बांधलेले.

त्यानंतर आमच्या सहलीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. कालव्यावरची माणसं इतकी अदबशीर का असतात, हे कोडं मला बरीच वर्षं पडलेलं होतं. मी त्याला इंग्रजांचा स्वभाव समजत होते. अप्पांनी वहीत ते सोडवून दाखवलं. लॉक रिकामं आहे, तुम्ही खालून येताय, तर पाळी तुमची. भरलेलं आहे आणि वरून कोणी येताना दिसतंय, तर तुम्ही थांबायचं, त्यांना उतरू द्यायचं. एक चढली की एक उतरावी, म्हणजे तेच लॉकभर पाणी दोघांच्या कामी येतं. घाईने पुढे घुसलात तर ते पाणी कोणाच्याच उपयोगी न पडता खाली जातं. निघताना झडपा पाडायच्या, दरवाजे लावायचे, कारण जुन्या लाकडाच्या फटींतून रात्रभर पाणी गळतं. टोपाथवर थांबून समोरच्याला हात करणं, "तुम्ही या आधी" म्हणणं, त्याचं विंडलस फिरवून होईपर्यंत आपणही दुसऱ्या बाजूची झडप उघडून देणं, हे सगळं शिष्टाचार म्हणून दिसतं. मुळात ती पाणी वाचवायची पद्धत आहे, अडीचशे वर्षं अंगवळणी पडलेली.

अप्पांच्या नोकरीतल्या उन्हाळ्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की पाळीवरून होणारी भांडणं, रात्री कालव्यात टाकलेले सायफन, फोडलेली दारं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेल की नाही या काळजीने जीपमध्ये काढलेल्या रात्री. म्हणून मी त्यांना विचारलं, इथे एकही पाटकरी नाही, कोणी पाळीपत्रक लावलेलं नाही, तरी सगळे शिस्तीत कसे? मला वाटलं, ते आपल्या लोकांना नावं ठेवतील. ते बराच वेळ दांडा धरून समोर बघत राहिले. मग म्हणाले, "इथे पाळी चुकली तर सुट्टी अर्धा तास लांबते. तिथे पाळी चुकली तर ऊस वाळतो. दोन्हीकडच्या माणसांना एका मापाने मोजू नको." त्यांचं हे म्हणणं मला आजही पूर्ण पटतं, आणि इंग्लंडच्या शिस्तीचे गोडवे गाणारं कोणी भेटलं की मी तेच सांगते.

क्लेडनचे पाच लॉक चढलं की माथा येतो. इथून मार्स्टन डोल्सपर्यंत ११ मैल एकही लॉक नाही. पण हे ११ मैल कसले, तर पक्षी उडत गेला तर निम्म्याहूनही कमी अंतर. ब्रिंडलीची समपातळीची रेषा इथे इतकी वळणं घेते की सकाळी डावीकडे दिसलेलं शेतघर तासाभराने उजवीकडे येतं, आणि जरा वेळाने पुन्हा समोर. वर्मलेटनच्या टेकडीला तर कालवा तीन बाजूंनी वळसा घालतो. गाव वर, झाडीत. खाली उतारावरच्या कुरणात गवताखाली उंचवटे आणि चर दिसतात. आधी ते नुसते चढउतार वाटतात. तिरपं ऊन पडलं की त्यांतून घरांचे चौथरे आणि गल्ल्या उमटतात. हे जुनं वर्मलेटन. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदाराने मेंढ्यांसाठी शेतं कुंपणात घेतली आणि कुळांना घरांतून काढलं. लोकर धान्यापेक्षा जास्त पैसा देत होती. पुढे हीच जमीन स्पेन्सर घराण्याने घेतली, ज्या घराण्यात प्रिन्सेस डायना जन्मली. कालवा खणला गेला तोवर त्या कुळांना जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली होती. मेंढ्या अजून तिथेच आहेत, त्याच चौथऱ्यांवर बसून रवंथ करतात. या माथ्यावरची शांतता मला फार आवडते, पण ती कशी आली हे ठाऊक असलेलं बरं. इथे माणसं कमी आहेत, कारण ती कमी केली गेली.

फेनी कॉम्प्टनला एक चिंचोळी खिंड लागते. तिला सगळे 'टनेल' म्हणतात, पण वर छत नाही, हॉथॉर्नची झाडं आहेत. मूळचा बोगदाच होता. एकोणिसाव्या शतकात वरची माती काढून तो उघडा केला, नाव तेच राहिलं.

आईला या सगळ्या पातळ्या-उतारांत रस नव्हता. तिची नजर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच गोष्टीवर. आमच्या बोटीच्या आत एका भिंतीवर जुन्या फोटोची चौकट होती. कोळशाची बोट, मागच्या बाजूला एवढीशी खोली, दारात टोपी घातलेली बाई, कडेवर मूल. आईने विचारलं, ही राहते कुठे? मी म्हटलं, तिथेच. त्या खोलीत. लांबी साधारण १० फूट, रुंदी ७ फूट. पुढच्या ५० फुटांत माल, कारण भाडं मालाचं मिळतं. त्या १० फुटांत चूल, भिंतीतून खाली पडणारा पलंग, कपाटाचं झाकण उघडलं की जेवणाचं टेबल, आणि नवरा-बायको नि पाच-सहा मुलं. रेल्वेने दर पाडले तेव्हा नावाड्यांना काठावरचं घरभाडं आणि मदतनीसाची मजुरी परवडेना, म्हणून त्यांनी बायका-मुलांना बोटीवर आणलं. बाई दांडा धरायची, लॉक उघडायची, घोड्यामागून चालायची, वाटेतच बाळंत व्हायची. रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याला छपरावर दोरीने बांधून ठेवायचे. मुलांच्या शाळेचा आणि गर्दीचा प्रश्न पार्लमेंटपर्यंत जायला १८७७ उजाडलं.

आई म्हणाली, "आपल्याकडे ऊसतोडीला येतात त्यांच्यासारखंच." बीडकडून फलटणच्या कारखान्यांसाठी येणारी जोडपी, पाचटाच्या कोप्या, बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर बसवलेली पोरं. आमच्या घरासमोरच्या रस्त्याने ती वर्षानुवर्षं जाताना तिने पाहिली आहेत, पहाटे पाण्याचा हंडा द्यायला बाहेर गेली आहे. त्या फोटोतल्या बाईकडे तिने त्याच ओळखीने पाहिलं. मग ती त्या बाईच्या खोलीबद्दल विचारतच राहिली. कपडे कुठे वाळवायची? प्यायचं पाणी? ते छपरावरच्या रंगवलेल्या डब्यातून, लाल-पिवळी गुलाबं आणि किल्ले काढलेल्या. भिंतीवर लेस, कडा कोरलेल्या शोभेच्या बशा, घासून लखलखीत केलेले पितळी गोळे. "करणारच," आई म्हणाली. "एवढ्याशा जागेत दुसरं काय हातात असतं?" संध्याकाळी तिने आमच्या शेगडीवर पिठलं-भात केला तेव्हा, तिथे पोळपाट मांडायला जागा आहे का हे बघून झाल्यावर, पुन्हा एकदा त्या फोटोकडे पाहून घेतलं.

ते जग संपलं, आणि त्याच्याबरोबर कालवेही संपायचेच. १९३९ मध्ये टॉम रोल्ट नावाचा इंजिनिअर याच बॅनबरीच्या टूलीच्या बोटगोदीत आपली जुनी बोट राहण्याजोगी करून घेऊन निघाला. त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १९४४ मध्ये आलं, आणि ते वाचून पेटलेल्या लोकांनी १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना काढली. ती गोदी अजून आहे, आता तिच्याभोवती शॉपिंग सेंटर उभं आहे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, माल अडकला, आणि मालवाहतुकीतला उरलासुरला दम संपला. तरी पाणी टिकलं, ते सामान्य लोकांनी शनिवार-रविवारी फावडी घेऊन गाळ उपसला म्हणून. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैल जलमार्ग एक धर्मादाय संस्था सांभाळते, आणि तिच्या कामाचा मोठा भार स्वयंसेवकांवर आहे.

असाच एक स्वयंसेवक आम्हाला नॅप्टनला भेटला. माथ्यावरून इथे नऊ लॉक उतरायचे. निळा शर्ट, लाइफजॅकेट, वय अप्पांच्या आसपास. त्याने विंडलससाठी हात पुढे केला, अप्पांनी दिलं नाही. मग दोघांनी वाटून घेतलं, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हे. अप्पांचं इंग्रजी कार्यालयीन आहे. पत्रात ते सुरेख चालतं, बोलताना अडखळतं. पण झडपेची गळती, दरवाज्याच्या तळाची चौकट, लॉकला वळसा घालून जादा पाणी खाली नेणारी सांडव्याची चारी, हे बोलायला फारशी भाषा लागली नाही. अप्पांनी बोटाने दाखवायचं, त्याने मान हलवून नाव सांगायचं. कालव्याच्या तळाला काय घातलंय, असं अप्पांनी विचारलं. चिकणमाती, तो म्हणाला, पाणी घालून मळलेली, आणि मग पायांनी तुडवल्यासारखं करून दाखवलं. गुरं हिंडवून तुडवत असत म्हणे. अप्पा खूष. आमच्या मातीच्या धरणांच्या पोटात हेच असतं, त्यांनी सांगितलं, आणि दोघं त्या ओल्या गवतात उभ्या-उभ्या मातीचा भरीव गाभा हातांनी हवेत उभारू लागले. पावसाळा कमी झाला तर माथ्यावर पाणी पुरतं का, हा अप्पांचा शेवटचा प्रश्न. तो म्हणाला, नॅप्टनच्या पायथ्याचं पाणी पंपाने पुन्हा वर चढवायची सोय आहे. "म्हणजे उपसा," अप्पा मला म्हणाले.

तिथेच, लॉकच्या शेजारच्या कुरणात, म्हशी होत्या. काळ्याभोर, मागे वळलेल्या शिंगांच्या, गुडघाभर इंग्लिश गवतात. आई कुंपणापाशी गेली ती हलेना. एक म्हैस सावकाश आली, फुस्स करून नाक वर केलं. आईने तिच्याशी मराठीतच बोलायला सुरुवात केली. खालच्या लॉकला बोट पोचली, दरवाजे उघडले, बोट बाहेर पडली, तरी आई वरच. मागून चालत आली आणि म्हणाली, दूध चांगलं असणार, गवत कोवळं आहे.

कोणाला जायचं असेल तर माझं एकच सांगणं. नकाशावर गोल फेरी पूर्ण करायच्या नादाला लागू नका. बोटवाले हौसेने मोठी वर्तुळं सुचवतात, आणि मग लोक लॉकला रोज अंधार पडेपर्यंत धावत सुटतात. एकाच कालव्यावर जा, वळायला बोट मावेल अशी रुंद जागा नकाशात बघून ठेवा, आणि त्याच वाटेने परत या. परतीच्या वाटेवर तेच लॉक उलटे दिसतात. चढताना जे पाणी उचलत होतं ते उतरताना पायाखालून निघून जातं, आणि लाखभर लिटर म्हणजे किती, हे खऱ्या अर्थाने तेव्हाच समजतं. मे किंवा सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये गर्दी तर असतेच, शिवाय हल्ली पाण्याचीही धास्ती असते. २०२५ च्या कोरड्या वसंतानंतर तलाव इतके उतरले की लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा फार मोठा पट्टा बोटींना बंद करावा लागला. बुकिंग करताना ते आधी बघा.

अप्पा तर बघतातच. ती धर्मादाय संस्था आपल्या तलावांचे साठे टक्केवारीत जाहीर करते, हे त्यांना त्या स्वयंसेवकाकडून कळलं. फलटणला परत गेल्यावर पावसाळ्यात ते रोज भाटघर, नीरा देवघर आणि वीरचे आकडे वहीत उतरवतात, ती त्यांची निवृत्तीनंतरचीही सवय. आता त्याच पानावर एक रकाना वाढला आहे. रविवारी फोन आला की पाऊसपाणी, आईचा गुडघा आणि शेजारच्यांची लग्नं झाल्यावर ते विचारतात, "ऑक्सफर्डचे तलाव मागच्या महिन्यापेक्षा खाली गेलेत. वर बंदी घालतील का गं या वर्षी?" मी सांगते, अजून तरी सूचना नाही. मग ते मला कधी जायचं ते सांगतात, आणि जाताना खालून कोणी येतंय का ते आधी बघ, असंही.